गुरुत्वाकर्षण, सापेक्षता आणि उपदेशकाचे व्यासपीठ

विज्ञानातील जे थोडे शब्द आपल्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येतात, त्यांत ‘सापेक्षता’ हा एक होय. आइन्स्टाइनने सर्व काही सापेक्ष ठरविले, म्हणून आजच्या पिढीला पापपुण्याचा निश्चित निकष उरला नाही, असा एक सूर ऐकू येतो. विश्वाला आरंभ होता हे आता शास्त्रज्ञांनीच सिद्ध केले, म्हणून उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला बाहेरचा साक्षीदार मिळाला, असा दुसरा. दोन्ही सूर लावणारे उपदेशक प्रामाणिक असतात याविषयी शंका नाही. परंतु मागच्या बाकावर बसलेला, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणारा तरुण त्या वेळी मनात काय म्हणत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. या एका विषयात आपला शब्द कच्चा निघाला, तर ज्या विषयात तो पक्का आहे तेथेही त्याचा विश्वास डळमळतो. म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या कल्पनेचा इतिहास धर्मसेवकांनी एकदा तरी नीट पाहावा. त्या इतिहासात धर्मोपदेशकांचा संबंध अनेकवार आला आहे, आणि तो सर्वस्वी लाजिरवाणा आहे असेही नाही.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत सुमारे दोन हजार वर्षे टिकले. ते टिकले याचे कारण ते रोजच्या अनुभवाशी जुळते; पान तरंगत येते आणि दगड धाडकन पडतो. गॅलिलिओने यावर एक साधा प्रश्न विचारला. एक मोठा व एक लहान दगड दोरीने एकत्र बांधून सोडले तर काय होईल? लहान दगड मंद असेल तर तो मोठ्याला मागे ओढील. पण दोन्ही मिळून वजन वाढले आहे, तेव्हा जोडी अधिक वेगाने पडली पाहिजे. एकाच गृहीतातून दोन विरुद्ध उत्तरे निघतात, म्हणजे गृहीतच चुकीचे. उतरत्या फळीवरून गोळे सोडून त्याने पतनाचा नियम शोधला, आणि १६३३च्या खटल्यानंतर घरातच स्थानबद्ध असताना लिहिलेल्या ग्रंथात, १६३८ साली, तो प्रसिद्ध केला. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट त्याच्या शिष्याने पुढे सांगितलेली आहे. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर, जेथे हवेचा अडथळा नाही, अपोलो १५चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने हातोडा व पीस एकाच वेळी सोडले, आणि दोन्ही एकाच वेळी खाली टेकले.

असे का व्हावे? दुप्पट भरलेल्या गाडीला तेवढ्याच वेगाने हलविण्यास दुप्पट बैल लागतात, कारण तिचे जडत्वही दुप्पट असते. पृथ्वी दुप्पट वजनाच्या दगडाला दुप्पट जोराने ओढते खरी, पण तो दगड हलण्यास दुप्पट नाखूषही असतो. जोर आणि नाखुषी यांचे प्रमाण दर वेळी तंतोतंत जुळते. हा योगायोग विलक्षण आहे. पण तो इतका परिचित होता की त्याचे नवल कोणाला वाटेना. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

न्यूटनचे सफरचंद सर्वांस ठाऊक आहे, आणि ती गोष्ट त्याने स्वतःच म्हातारपणी सांगितली होती. तिचे मर्म फळाच्या पडण्यात नसून त्यापुढच्या प्रश्नात आहे : हेच आकर्षण चंद्रापर्यंत पोहोचत असेल काय? चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्यांइतका दूर आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होत असेल, तर तेथे ते ३६०० पटींनी क्षीण असले पाहिजे. झाडावरचे फळ पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. त्याच सेकंदात चंद्र आपल्या सरळ मार्गापासून जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे वळतो. भागाकार करून पाहा, तो जुळतो. चंद्रही सतत पडतच असतो. केवळ त्याची पुढची गती अशी आहे की तो जमिनीवर येऊन आदळत नाही. १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि स्वर्लोकाचा एक नियम व भूलोकाचा दुसरा, ही जुनी विभागणी संपली.

येथे पहिला उपदेशक रंगमंचावर येतो. रॉबर्ट बॉइल या रसायनशास्त्रज्ञाने मृत्युपत्रान्वये नास्तिकमताचे खंडन करणाऱ्या व्याख्यानांसाठी देणगी ठेवली होती. त्यांतील पहिली व्याख्यानमाला १६९२ साली रिचर्ड बेंटली या तरुण धर्मोपदेशकाने दिली. शेवटची प्रवचने त्याने न्यूटनच्या शोधावर उभारली होती. पण ती छापण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली, जी आपल्यापैकी फार थोडे करतात. त्याने खुद्द न्यूटनलाच पत्र लिहून विचारले की, मी म्हणतो ते बरोबर आहे काय? न्यूटनने डिसेंबर १६९२ ते फेब्रुवारी १६९३ या काळात त्याला चार पत्रे पाठविली. आपल्या ग्रंथाचा उपयोग ईश्वरावरील विश्वास दृढ करण्यास होत असल्याबद्दल त्याने समाधान व्यक्त केले. त्याच वेळी एक सक्त ताकीदही दिली. आकर्षण हा जडद्रव्याचा अंगभूत गुण आहे असे मत माझ्या नावावर घालू नका. मधल्या रिकाम्या जागेतून, कशाच्याही मध्यस्थीवाचून, एक वस्तू दुसरीला ओढते ही कल्पना विचारी माणसाला न पटणारी आहे, असा त्याचा आशय होता. आकर्षण किती आहे हे न्यूटन सांगू शकत होता. ते का आहे हे मला ठाऊक नाही, असे त्याने १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत उघडपणे नमूद केले. बेंटलीची प्रवचने आज कोणी वाचत नाही, पण त्याच्या शंकांमुळे लिहिली गेलेली ती चार पत्रे विज्ञानाच्या इतिहासात अमर झाली.

न्यूटनने मात्र स्वतः एक कमकुवत खांब उभा केला. ग्रह एकमेकांनाही ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडत जातील आणि केव्हातरी देवाला त्या पुन्हा नीट लावाव्या लागतील, असे त्याने सुचविले. १७१५ साली लाइब्निट्सने यावर टीका केली : न्यूटनचा देव इतका बेताचा कारागीर आहे, की आपल्या घड्याळाला त्याला अधूनमधून किल्ली द्यावी लागते! न्यूटनच्या बाजूने सॅम्युएल क्लार्क या धर्मगुरूने उत्तरे दिली, आणि १७१६ साली लाइब्निट्स मरण पावेपर्यंत हा पत्रव्यवहार चालला. पुढे १७८५च्या सुमारास लाप्लासने दाखविले की, गुरू व शनी यांच्या गतीतील वाढता वाटणारा बिघाड सुमारे ९०० वर्षांच्या फेऱ्यात पुन्हा उलटतो. घड्याळजीला ज्या कामासाठी बोलावले होते ते कामच नाहीसे झाले. या विश्वरचनेत देवाचे गृहीतक मला लागले नाही, असे लाप्लासने नेपोलियनला सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. शब्द तसेच असोत वा नसोत. ती वेळ आणली होती ती देवाला गणितातील रिकाम्या जागी बसविणाऱ्या श्रद्धावंतांनीच.

एकोणिसाव्या शतकात न्यूटनच्या नियमाचा दरारा शिगेला पोहोचला. लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर दाखविलेल्या जागी २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. त्याच लव्हेरिएने १८५९ साली बुधाच्या कक्षेतील एक बारीकशी चूक जाहीर केली. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच सावकाश फिरते, आणि सर्व ग्रहांची ओढ हिशेबात घेऊनही शतकामागे सुमारे ४० विकलांची तफावत उरते. पुढील मोजणीत ती ४३ विकला ठरली. एक अंशाच्या ३६०० विकला होतात, यावरून ही चूक किती सूक्ष्म होती हे कळेल. लव्हेरिएने पुन्हा अदृश्य ग्रह कल्पिला, त्याला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले, पण तो सापडला नाही.

बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरीस असलेल्या आइन्स्टाइनला १९०७ साली एक विचार सुचला. छपरावरून पडणाऱ्या माणसाला, तो पडत असेपर्यंत, स्वतःचे वजन जाणवणार नाही. याला तो पुढे आपल्या आयुष्यातील सर्वांत भाग्याचा विचार म्हणत असे. आपण लिफ्टमध्ये तराजूवर उभे आहोत असे समजा. लिफ्ट वर जाण्यास सुरुवात होताच काटा क्षणभर वाढतो, खाली निघताच उतरतो. दोर तुटला तर काटा शून्यावर येईल, आणि हातातून सुटलेली किल्ली हाताशेजारीच तरंगत राहील. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्युत ७ या अवकाशस्थानकात तरंगताना दिसले, तेव्हा तेथे गुरुत्वाकर्षण नसते असा समज अनेकांचा झाला, आणि तो अद्यापही शाळांतून शिकविला जातो. वस्तुतः तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या नऊ-दशांशांच्या आसपास शिल्लक असते. अंतराळवीर तरंगतो तो यानासह सतत पडत असल्यामुळे.

आता गॅलिलिओच्या त्या योगायोगाकडे वळू. सर्व वस्तू सारख्याच पडतात, मग पडण्याचे कारण वस्तूंत शोधण्यापेक्षा ज्या मार्गावरून त्या जातात त्या मार्गात का शोधू नये? वडोदरा आणि इंदूर ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर, एकमेकांपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहेत. दोन्हीकडून एकेक प्रवासी नाकासमोर उत्तरेला निघाला. कोणीही डावी-उजवीकडे वळला नाही, तरी साठाव्या अक्षांशावर त्यांच्यातील अंतर दीडशे किलोमीटरच्या आत येईल, आणि उत्तर ध्रुवावर ते एकमेकांस भेटतील. पृथ्वी सपाट समजणारा मनुष्य म्हणेल की या दोघांत काही आकर्षण आहे. ओढ कसलीही नाही. भूमीच गोल आहे. आइन्स्टाइनचे म्हणणे याच जातीचे आहे. वस्तुमानामुळे अवकाश आणि काल यांची मिळून जी एक वीण आहे तिला वक्रता येते, आणि पडणारा आंबा त्या वक्र विणीतून आपल्या परीने सरळच जात असतो. त्यात कालाचा वाटा मोठा आहे : जमिनीजवळचे घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालते, आणि आंब्यासारख्या मंदगती वस्तूंचे पडणे बहुतांशी याच फरकातून उद्भवते. म्हणजे झाडावरून पडणाऱ्या आंब्याला कोणी ओढत नाही. उलट खुर्चीत बसलेल्या आपल्यालाच जमीन क्षणोक्षणी वर ढकलत असते. न्यूटनला जी रिकाम्या जागेतील ओढ पटत नव्हती, तिला या मांडणीत स्थानच उरले नाही.

हे गणितात बसविण्यास आठ वर्षे लागली. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइनने प्रशियन अकादमीपुढे बुधाच्या ४३ विकला कोणतीही ओढाताण न करता मिळवून दाखविल्या, आणि २५ नोव्हेंबरला अंतिम समीकरणे मांडली.

याच सिद्धांतावरून असे निघत होते की, सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाशही वळला पाहिजे. १९११च्या अपुऱ्या मांडणीत आइन्स्टाइनने फक्त कालाची वक्रता धरली होती, आणि उत्तर एका विकलेहूनही कमी आले होते. १९१५ साली अवकाशाची वक्रता मिळाल्यावर ते दुप्पट, म्हणजे सुमारे पावणेदोन विकला झाले. मधल्या काळात, १९१४ च्या ऑगस्टमधील ग्रहणासाठी एक जर्मन तुकडी क्रिमियात गेली होती. पण महायुद्ध पेटले आणि रशियनांनी ज्योतिर्विदांना अटक केली. ते निरीक्षण पार पडते तर आइन्स्टाइनचा तेव्हाचा आकडा खोटा ठरला असता.

सिद्धांत पारखला तो शत्रुराष्ट्राने. केंब्रिजचे आर्थर एडिंग्टन हे क्वेकर पंथाचे होते, आणि त्या पंथाच्या शिकवणीनुसार शस्त्र धरण्यास त्यांचा नकार होता. त्यांना तुरुंगवास किंवा सक्तीची मजुरी घडली असती. परंतु राजज्योतिषी डायसन यांनी मध्यस्थी करून, युद्ध संपल्यास ग्रहणाच्या मोहिमेवर जावे या अटीवर त्यांना सूट मिळवून दिली. २९ मे १९१९ रोजी एक तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे होती, आणि एडिंग्टन आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिपे बेटावर, जे त्या काळी आपल्या गोव्याप्रमाणेच पोर्तुगालच्या अमलाखाली होते. त्या सकाळी तेथे जोराचा पाऊस पडला. पाच मिनिटांच्या खग्रास अवस्थेत ढगांच्या फटीतून सोळा छायाचित्रे घेतली, त्यांतील दोनच मापनास योग्य निघाली. प्रिन्सिपेचे उत्तर १.६१ विकला आले, सोब्रालच्या चांगल्या दुर्बिणीचे १.९८. सोब्रालच्या दुसऱ्या दुर्बिणीचे उत्तर ०.९३ आले होते, पण तिची प्रतिमा उन्हामुळे बिघडली असल्याने ते बाजूला ठेवण्यात आले. आपल्या आवडीचा आकडा तेवढा ठेवला, असा आक्षेप एडिंग्टनवर पुढे घेतला गेला. १९७९ साली ग्रीनिच वेधशाळेत त्याच काचा आधुनिक यंत्रावर पुन्हा मोजल्या, तेव्हा टाकून दिलेले उत्तरही आइन्स्टाइनच्या बाजूला सरकले. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये निकाल जाहीर झाला. जर्मन ज्यूचा सिद्धांत इंग्रज शांततावाद्याने युद्धविरामानंतर वर्षाच्या आत प्रस्थापित केला, हे त्या कटू काळात लहान काम नव्हते.

यानंतर ‘सर्व काही सापेक्ष’ हे वाक्य युरोपभर पसरले. १९२१ साली लॉर्ड हॉल्डेन यांच्या घरी कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनी आइन्स्टाइनला विचारले की, आपल्या सिद्धांताचा धर्मावर काय परिणाम होईल? आर्चबिशपांनी त्या विषयावर बरेच वाचन करून पाहिले होते, पण हाती काही लागले नव्हते. उत्तर आले की काहीही नाही, हे निव्वळ विज्ञान आहे. आर्चबिशपांना त्या उत्तराने दिलासा मिळाला असावा. सिद्धांताचे नावच दिशाभूल करणारे आहे. निरनिराळ्या वेगाने जाणाऱ्या दोन निरीक्षकांची लांबीची व कालाची मोजमापे वेगळी येतात हे खरे. परंतु प्रकाशाचा वेग आणि निसर्गाचे नियम दोघांनाही एकच आढळले पाहिजेत, या आग्रहातूनच ती मोजमापे वेगळी येतात. सिद्धांताचा भर न बदलणाऱ्या गोष्टीवर आहे. नीतीच्या शिथिलतेची कारणे शोधायची असतील तर ती अन्यत्र शोधावीत.

हा सिद्धांत आज खिशात येऊन बसला आहे. मोबाईलवर वाट दाखविणारी जी यंत्रणा असते तिचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळे रोज सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरपर्यंत चूक होईल. अवकाश-कालाच्या विणीत उठणाऱ्या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम पकडल्या गेल्या. तसेच उपकरण, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंचे, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली.

आता आरंभाच्या प्रश्नाकडे. जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते, १९२३ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी ते एडिंग्टनकडे शिकण्यास गेले. १९२७ साली त्यांनी आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखविले की विश्व प्रसरण पावत आहे; फुगा फुगविताना त्यावरचे शाईचे ठिपके एकमेकांपासून दूर सरकतात तसे. आइन्स्टाइनला हे रुचले नाही. तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकी भयंकर आहे, असे त्याने त्यांना सुनावले. १९२९ साली हबलची निरीक्षणे आली आणि विरोध मावळू लागला. ९ मे १९३१ च्या ‘नेचर’मध्ये लमेत्र यांनी एका आदिकणापासून विश्व सुरू झाल्याची कल्पना मांडली. त्या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी गुप्त राहणाऱ्या देवाविषयी एक परिच्छेद होता. छापण्यापूर्वी तो खोडण्यात आला.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप पायस बारावे यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले, आणि ‘प्रकाश होवो’ या आदिक्षणाला आधुनिक विज्ञान जणू साक्ष देत आहे, असे उद्गार काढले. ही निर्णायक सिद्धता नव्हे, अशी सावधगिरीची वाक्येही त्या भाषणात होती. पण वृत्तपत्रांनी ती वगळली. जगभरचे उपदेशक हर्षभरित झाले. एक मनुष्य मात्र अस्वस्थ होता, आणि तो स्वतः लमेत्र होता. त्यांच्या दृष्टीने आदिकण हे एक गृहीतक होते, आणि ते निरीक्षणाने टिकायचे वा पडायचे होते. त्या वेळी तर त्याची प्रकृती नाजूकच होती : प्रसरणाच्या तत्कालीन वेगावरून विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे निघत होते, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने ठरत होते! शास्त्रज्ञांचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे भरणार होते. त्याआधी लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर ओकॉनेल यांच्याशी बोलून आपली चिंता कळविली. त्या अधिवेशनासमोर पोपमहोदयांनी जे भाषण केले त्यात सृष्टीच्या आरंभाचा तो दाखला पुन्हा आला नाही. त्याच अधिवेशनात वाल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे पूर्वी समजत होती त्याच्या दुप्पट असल्याचे जाहीर केले, आणि वयाची अडचण सुटण्यास प्रारंभ झाला. दाखला एक वर्ष उशिरा दिला असता तर अधिक शोभला असता, असे कोणी म्हणेल. लमेत्र तसे म्हणाले नसते. १९५८ साली ब्रसेल्सच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, आपला सिद्धांत धर्माच्या व तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांपासून पूर्णतः अलग आहे. जडवादी मनुष्यही तो निर्वेधपणे मानू शकतो. तेथे त्यांनी यशयाच्या ४५व्या अध्यायातील गुप्त देवाचा उल्लेख केला.

विरुद्ध पक्षात फ्रेड हॉइल होते. विश्व अनादि आहे असे त्यांचे मत होते, आणि ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ साली नभोवाणीवरील भाषणात वापरले. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर कोल्हापूरचे. दोघांनी मिळून १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा एक पर्यायी सिद्धांत मांडला, आणि २०२५ च्या मे महिन्यात निधन होईपर्यंत नारळीकर आदिस्फोटाविषयी साशंक राहिले. त्यांच्या शंका निरीक्षणे व गणित यांवर आधारलेल्या होत्या. त्यांना उत्पत्तीच्या वचनांनी उत्तर देणे हा त्या वचनांचाही उपयोग नव्हे.

१९६५ साली पेन्झिआस व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे मंद रेडिओ प्रारण सापडले, आणि विश्वाची पूर्वावस्था अतितप्त होती या मताला भक्कम पुरावा मिळाला. लमेत्र तेव्हा आजारी होते. ही वार्ता त्यांच्या साहाय्यकाने त्यांना कळविली. २० जून १९६६ रोजी ते निवर्तले. १९६० पासून ते पोपच्या त्याच विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाच्या सभासदांनी मतदान करून, प्रसरणाच्या नियमाला यापुढे हबल-लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली.